विमानप्रवासाचे भय व सन्मुखीकरण उपचार

विमानप्रवासाच्या नुसत्या विचारानेही छातीत धडधडणे, घाम सुटणे, श्वास कोंडणे इ. लक्षणे उद्‌भवून तो प्रवासच टाळण्याची प्रवृत्ती म्हणजे विमानप्रवासाचे भय होय. मनोविकारविज्ञानात त्याची गणना विशिष्ट भयगंडांत होते. काहींच्या बाबतीत त्यामागे अपघाताची, तर काहींच्या बाबतीत बंदिस्त जागेची वा उंचीची भीती असते. प्रवास टाळला की तात्काळ हायसे वाटते. परंतु त्यामुळेच टाळण्याची सवय दृढ होऊन भय टिकून राहते. भयविषयाला टप्प्याटप्प्याने सामोरे नेऊन हे चक्र तोडणाऱ्या पद्धतीस सन्मुखीकरण उपचार म्हणतात.

या उपचाराचा उगम वर्तनवादी प्रयोगांत आढळतो. जॉन वॉटसन व रोझॅली रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या बालकात पांढऱ्या उंदराविषयीचे भय अभिसंधानाने निर्माण केले. उलट मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या बालकाची सशाची भीती, तो आवडीचे पदार्थ खात असताना ससा थोडाथोडा जवळ आणून, घालविली (१९२४). दक्षिण आफ्रिकेतील मनोविकारतज्ञ जोझेफ वोल्पे (१९१५–९७) यांनी १९५८ मध्ये क्रमशः विसंवेदनीकरणाची पद्धती ग्रंथरूपाने मांडली. तीत रुग्ण स्नायू शिथिल ठेवून सौम्य ते तीव्र अशा क्रमाने भयप्रसंगांची कल्पना करतो. पुढे लंडनमधील आयझॅक मार्क्स प्रभृतींनी प्रत्यक्ष सन्मुखतेवर भर दिला.

विमानाच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष सराव खर्चिक असतो. उड्डाण हवे तेव्हा थांबविता वा पुन्हा करता येत नाही. आभासी वास्तवाच्या तंत्राने ही अडचण बरीच दूर झाली. अमेरिकेतील बार्बरा रॉथबॉम, लॅरी हॉजेस व सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या ४९ रुग्णांवरील अभ्यासात आभासी विमान व विमानतळावरील प्रत्यक्ष सराव हे दोन्ही मार्ग सारखेच परिणामकारक ठरले.

११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमानांद्वारे अमेरिकेवर हल्ले झाल्यावर अनेकांनी विमानाऐवजी मोटारीने प्रवास केला. परिणामी त्या वर्षाच्या अखेरच्या तीन महिन्यांत रस्त्यांवर सु. ३५० अधिक मृत्यू झाले, असा अंदाज जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी २००४ मध्ये मांडला. हल्ल्यांपूर्वी उपचार घेतलेल्यांची जून २००२ मध्ये पाहणी केली असता त्यांच्यातील सुधारणा टिकून असल्याचे आढळले.

सन्मुखीकरणाने जुने भय पुसले जात नाही, तर त्याला आवर घालणारा नवा अनुभव शिकला जातो, असे आधुनिक संशोधक मानतात. म्हणून उपचारानंतरही अधूनमधून विमानप्रवास करीत राहणे इष्ट ठरते.