बूट कानपूरचे की विलायतेचे?

१/
एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील फौजेचे बूट, खोगिरे आणि पट्टे मोठ्या प्रमाणावर विलायतेहून येत. गंमत अशी की, मद्रासकडचे अर्धवट कमावलेले कातडे त्याच सुमारास जहाजे भरून लंडनला जात होते. कातडे येथून जायचे आणि वस्तू तेथून यायची.

२/
१८५७ च्या उठावानंतर हा खर्च लष्कराला जाचू लागला. गंगा-यमुनेच्या दुआबात बाभळीची साल मुबलक होती आणि कातडीही. १८६० च्या दशकात कानपुरात सरकारी खोगीर कारखाना उभा राहिला. पुढे १८८० च्या दशकाच्या आरंभी कूपर ॲलन ही खासगी कंपनी तेथेच लष्करी बूट करू लागली. माल स्थानिक, मजूर स्थानिक, मालक मात्र इंग्रज! ‘देशी खरेदी’ या शब्दात कोणाचा देश अभिप्रेत आहे, हा प्रश्न येथूनच सुरू होतो.

३/
१८८३ साली सरकारने स्थानिक मालाच्या खरेदीला उत्तेजन देण्याचा ठराव केला. कागदावर तो चांगलाच होता. परंतु सरकारी मागण्या लंडनच्या इंडिया ऑफिसमार्फत पुरवण्याची वहिवाट इतकी घट्ट होती की, ठरावाने ती फारशी हलली नाही.

४/
आता पाण्याचा प्रश्न. सालीने कमावलेले चामडे सतत भिजत राहिले की त्यातील टॅनिन हळूहळू धुपते आणि ते कुजू लागते. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ याने क्रोमियमच्या क्षारांनी चामडे कमावण्याची पद्धत शोधली. हे क्षार कातडीच्या तंतूंशी पक्के बांधले जातात. सालीला जेथे आठवडे, प्रसंगी महिने लागत, तेथे हे काम काही दिवसांत होई. चांगले क्रोम चामडे उकळत्या पाण्यातही आकसत नाही. (ओल्या वाटेवर चालणाऱ्यांचे बूट पुढे याच चामड्याचे होऊ लागले.)

५/
मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन या अभियंत्याने १९०३ पासून सरकारी खर्चाने हेच प्रयोग आरंभले. त्याने चामडे कशासाठी वापरले? विहिरीच्या मोटेसाठी! दख्खनमध्ये ढोर समाजातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जी मोट शिवत आले, तिचाच तमिळ मुलखातील भाऊबंद म्हणजे ‘कवलै’. दिवसभर पाण्यात बुडणाऱ्या या पिशवीइतकी चामड्याची कठोर परीक्षा दुसरी नव्हती आणि क्रोम चामडे सालीच्या चामड्याहून तेथे अधिक टिकले. चपलाही होऊ लागल्या. म्हणजे पाण्याला दाद न देणारे चामडे मिळवण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचे कारण उरले नव्हते.

६/
पण कारखाना चालू लागला हीच अडचण ठरली. सरकारने आपल्याशी स्पर्धा करू नये, अशी मद्रासमधील युरोपीय व्यापाऱ्यांची तक्रार होती. १९१० मध्ये भारतमंत्री मोर्ले याने सरकारी कारखान्यांचे हे धोरण अमान्य केले आणि क्रोम टॅनरी रीवाच्या महाराजांना विकण्यात आली. प्रयोग फसला म्हणून बंद पडला असता तर समजण्यासारखे होते. हा तर यशस्वी होऊन विकला गेला.

७/
चारच वर्षांत महायुद्ध पेटले. कच्च्या कातड्याच्या निर्यातीत तोवर जर्मन व्यापाऱ्यांचे वर्चस्व होते. ते एका फटक्यात संपले. मद्रास-मुंबईचे कमावलेले कातडे आता ब्रिटिश सैनिकांच्या बुटांसाठी हवे होते. सरकारने १९१६ मध्ये त्याचा व्यापारच ताब्यात घेतला. कानपूरलाही मोठ्या मागण्या मिळाल्या. ज्या मालाला शांततेत गिऱ्हाईक शोधावे लागे, त्याला युद्धात सरकारच गिऱ्हाईक झाले.

८/
१९१६ मध्ये हिंदी औद्योगिक आयोग नेमला गेला. त्याच्या सदस्यांत चॅटर्टन होता! देशातच सरकारी खरेदी करणारे स्वतंत्र खाते असावे, असे आयोगाने सुचवले. १९१९ मध्ये कच्च्या कातड्यावर १५ टक्के निर्यात कर बसला, पण साम्राज्यात कमावण्यासाठी जाणाऱ्या मालाला त्यातील १० टक्के सूट होती. खरेदीचे ते खाते, इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट, १९२२ मध्ये सुरू झाले. मोर्लेच्या निर्णयाला तेव्हा बारा वर्षे झाली होती.