काचेवरचा हिरवा थर

मासे पाळणाऱ्यांच्या बोलण्यात 'ऑटो' म्हणजे रिक्षा नव्हे. ऑटो म्हणजे ऑटोसिंक्लस. जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांब, अंगावर एक गडद आडवी रेघ, आणि खालच्या बाजूला चोखणीसारखं गोल तोंड. आपल्या शिंगाळ्याच्या आणि मांगूरच्या दूरच्या नात्यातला हा कॅटफिश दिवसभर काचेला नाहीतर पानाला चिकटून शेवाळ खरवडत बसतो. दुकानदार त्याची ओळख एका वाक्यात करून देतो: "हा टाकी साफ ठेवतो."

या वाक्यात एक गोम आहे. याच कुळातला ॲन्सिस्ट्रस, म्हणजे ब्रिसलनोज, आज जगभर टाक्यांमध्येच जन्माला येतो. पण दुकानात दिसणारे ऑटो बहुतेक सगळे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधून पकडून आणलेले असतात. इतका लोकप्रिय, इतका स्वस्त मासा, आणि तरी त्याची पिल्लं टाकीत वाढवणं मोजक्या लोकांनाच जमतं. असं का? उत्तर शोधायला पावणेदोनशे वर्षं मागे, लंडनमधल्या एका गोगलगायीपर्यंत जावं लागतं.

वॉरिंग्टनचा हिशोब

रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ लंडनच्या अपॉथेकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधं बनवणाऱ्यांच्या संस्थेत, कामाला होता. उजेडात वनस्पती ऑक्सिजन सोडतात हे इंगेनहाउसने १७७९ मध्येच दाखवलं होतं. मग मासे आणि वनस्पती एकाच काचपात्रात ठेवले, तर पाणी न बदलता दोघं एकमेकांना जगवतील का? १८४९ मध्ये वॉरिंग्टनने सुमारे १२ गॅलनचं काचपात्र घेतलं, तळाशी वाळू-माती घातली, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया लावली आणि दोन छोटे गोल्डफिश सोडले.

सुरुवात छान झाली. मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढुळलं, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. तत्त्वात बरोबर असलेली रचना प्रत्यक्षात कोसळायला आली.

वॉरिंग्टनने त्यात तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, थर खाल्ला, पाणी निवळलं. एवढंच असतं तर ही सफाई कामगाराची गोष्ट ठरली असती. पण वॉरिंग्टनने पुढचीही नोंद केली: गोगलगायींनी अंडी घातली आणि ती माशांना खायला मिळाली. १८५० मध्ये केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापलेल्या त्याच्या निबंधात हा सगळा हिशोब आहे.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना इथे 'गार्बेज कलेक्टर' आठवतो, म्हणजे नको झालेली मेमरी मोकळी करणारा प्रोग्रॅम. फरक इतकाच की वॉरिंग्टनचा गार्बेज कलेक्टर जिवंत होता. त्याला भूक होती, त्याला पिल्लं होत होती, आणि ती पिल्लं हिशोबात धरलेली होती. आधुनिक मत्स्यटाकीच्या पहिल्यावहिल्या आराखड्यातच साफ करणाऱ्याची पुढची पिढी होती. नंतर आपण नेमकी तीच ओळ पुसून टाकली.

वेड आणि किनारा

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' सुरू झालं. दुसऱ्या वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि हा शब्द घरोघरी गेला. मध्यमवर्गीय ब्रिटिश कुटुंबं टोपल्या आणि बरण्या घेऊन समुद्रकिनाऱ्यावर जायला लागली. खडकांमधल्या डबक्यांतले समुद्रफुलांसारखे जीव खरवडून दिवाणखान्यात आणले जाऊ लागले. टाकीतले मेले, की पुन्हा किनारा होताच.

गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये 'फादर अँड सन' या आत्मकथनात लिहून ठेवलंय की वडिलांच्या पुस्तकांनी ज्या किनाऱ्यांची ओढ लावली, तेच किनारे या हौसेने ओरबाडले गेले, आणि वडिलांना त्याचं फार दुःख होतं. म्हणजे छंद सुरू होऊन पन्नास-साठ वर्षं होईतो त्याची एक सवय पक्की झाली होती: टाकीचं संतुलन आत साधायचं नाही, कमी पडेल ते बाहेरून भरायचं.

ऑटोचं शास्त्रीय बारसंही याच काळातलं. डायनासोरच्या हाडांवरून झालेल्या भांडणांसाठी प्रसिद्ध असलेल्या एडवर्ड ड्रिंकर कोप याने १८७१-७२ च्या सुमारास पेरूमधल्या अ‍ॅमेझॉनच्या परिसरातल्या माशांचं वर्णन करताना हे नाव दिलं. डोक्याच्या बाजूला, कानाच्या जागी, जाळीसारखी छिद्रं असलेला, असा त्याचा साधारण अर्थ. तेव्हा तो कोणाच्याही टाकीचा नोकर नव्हता. संथ पाण्यातल्या पाणवनस्पतींवर आणि काठाच्या गवतावर थव्याने चरणारा मासा होता.

अमानोची सफाई टोळी

त्याला नोकरी लागली ती विसाव्या शतकाच्या शेवटी. जपानच्या निइगाताचा ताकाशी अमानो आधी व्यावसायिक सायकलपटू होता, मग निसर्गाचा छायाचित्रकार झाला. १९८२ मध्ये त्याने 'अ‍ॅक्वा डिझाइन अमानो' ही कंपनी काढली आणि काचेच्या आत डोंगर, कुरण, जंगल उभं करायला सुरुवात केली. प्रखर दिवे, पाण्यात सोडलेला कार्बन डायऑक्साइड, भरपूर खत. अशा टाकीत झाडं फोफावतात, आणि जरा तोल ढळला की शेवाळही.

त्यावर अमानोने जिवंत उपाय वापरला: शेवाळ खाणारी छोटी कोळंबी, जी आता जगभर 'अमानो श्रिम्प' म्हणूनच विकली जाते, आणि जोडीला ऑटो. फोटोत टाकी आरशासारखी लखलखीत दिसायची.

या टोळीची एक गोष्ट फोटोत दिसत नाही. अमानो कोळंबीच्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं. निसर्गात त्या नदीतून वाहत समुद्राकडे जातात आणि मोठ्या होऊन परततात. गोड्या पाण्याच्या टाकीत मादी अंडी बाळगते, अळ्या बाहेर येतात आणि मरतात. ऑटोच्या पिल्लांची अडचण मिठाची नाही, जेवणाची आहे. लखलखीत टाकीत त्यांना खायला काहीच उरत नाही.

आपल्याकडचा 'सकर'

'सफाईवाला मासा' ही ओळख उलट दिशेनेही महागात पडते. भारतात सकर फिश म्हणून विकली जाणारी बोटभर पिल्लं बहुतेकदा टेरिगोप्लिक्थिस वंशातली असतात. तीही दक्षिण अमेरिकेची, ऑटोच्याच कुळातली. पण हा मासा ४० सेंटिमीटरच्याही पुढे वाढतो. काच पुसायला आणलेला जीव टाकीत मावेनासा झाला की कोणीतरी त्याला तळ्यात नाहीतर नदीत सोडून येतं. आज पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांपासून आंध्रच्या मत्स्यतळ्यांपर्यंत आणि केरळपर्यंत तो पसरलाय. काठात बिळं करतो, आणि त्याच्या कडक खवल्यांनी मासेमारांची जाळी फाटतात.

एक मासा नदीतून उपसून आणला जातो, दुसरा नदीत फेकला जातो. दोन्हीच्या मुळाशी एकच समजूत आहे: हे उपकरण आहे, गरज संपली की बदलायचं.

थर म्हणजे ताट

ब्रिसलनोज टाकीत सहज वाढतो, कारण त्याची गृहस्थी आपल्या सोयीची आहे. मादी गुहेत टपोऱ्या अंड्यांचा घोस घालते, नर पंखांनी वारा घालत राखण करतो, आणि पिल्लं लवकरच काकडीच्या चकतीवर तुटून पडतात. ऑटोचं सगळं विखुरलेलं. इवलीशी पारदर्शक अंडी एकेक करून काचेवर, पानांच्या खाली चिकटवलेली. राखण कोणी करत नाही. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पोटाखालची पिवळी शिदोरी संपली की त्यांना तातडीने अन्न लागतं, आणि ते अन्न म्हणजे तोच थर: शेवाळ, जिवाणू, बुरशी आणि सूक्ष्म जीव यांची बुळबुळीत साय. व्यापाराच्या दृष्टीने यापेक्षा नदीत जाळं टाकणं स्वस्त. मधल्या प्रवासात मासे दिवसेंदिवस उपाशी राहतात, म्हणूनच दुकानातून आणलेले ऑटो पहिल्या काही आठवड्यांत पटापट दगावतात.

मग घरी त्यांची पिल्लं हवी असतील तर? वॉरिंग्टनकडेच परत जायचं. दुकानात सहज मिळणारी दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी साधारण ५६ लिटरची असते. त्याचं काचपात्रही जवळपास तेवढंच होतं.

तळाशी माती, वर बारीक वाळू. व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिनी लावा. क्रिप्टोकोरिनीच्या काही जाती तर सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्येच वाढतात, पण रोपं नर्सरीतूनच घ्या, ओढ्यातून उपटू नका. जोडीला एखादं लाकूड, रुंद पानांचा अनुबियास, आणि रस्त्याकडेच्या देशी बदामाची वाळून गळलेली पानं. ती पाण्यात हळूहळू कुजतात आणि त्यांच्यावर उत्तम साय धरते. फिल्टर स्पंजचाच हवा: पिल्लं त्यात ओढली जात नाहीत आणि स्पंजवर चरताही येतं.

आता सगळ्यात अवघड काम: काही न करणं. माशांच्या विष्ठेतला अमोनिया नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलणारे जिवाणू विनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. टाकीत त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या वेळी टाकी बाकी माशांसाठी तयार असते. ऑटोसाठी आणखी दोन-तीन महिने थांबा. समोरची काच पुसा, मागची आणि बाजूची अजिबात नको. गॅलरीत उन्हात पाण्याच्या बादलीत गुळगुळीत गोटे ठेवा आणि हिरवे झाले की आळीपाळीने टाकीत घाला.

मग सहा-आठ ऑटो एकत्र आणा. दुकानातच पोट बघून घ्या: खपाटीला गेलेलं असेल तर नको. दुसरे मासे ठेवू नका, ते अंडी आणि पिल्लं खातात. पाणी २२ ते २६ अंश आणि मृदू असावं. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी बरं, बोअरवेलचं बहुधा जड. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशी ओलांडतं, तेव्हा पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडावा. माद्या वरून पाहिल्या तर रुंद दिसतात. त्या गोलसर झाल्या की एक-दोन अंशांनी गार, मृदू पाणी घालून थोडं पाणी बदला. ऑटोला तो पावसाळा वाटतो. त्यानंतर पानांच्या खालची बाजू तपासत राहा.

पिल्लं मिळतीलच याची हमी नाही. पण मिळाली तर ती बहुतेक त्या टाकीत मिळतील जी बघून पाहुणे म्हणतात, "जरा साफ कर ना." अमानोने टाकीकडे चित्र म्हणून बघायला शिकवलं, आणि ते सुंदर होतं. वॉरिंग्टनने तिच्याकडे हिशोब म्हणून पाहिलं होतं: कोण काय खातं, कोणाची अंडी कोणाला जातात. त्या हिशोबात हिरवा थर जमेच्या बाजूला होता. शेवाळ खाणाऱ्या माशाची पुढची पिढी नदीऐवजी टाकीत जन्मायची असेल, तर तो थर पुन्हा जमेला धरावा लागेल.