उत्तर आधी, प्रश्न नंतर : दूरचित्रवाणीची प्रश्नमंजूषा आणि प्राचीन इतिहास

३० मार्च १९६४ रोजी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर 'जेपर्डी' या नावाची एक प्रश्नमंजूषा सुरू झाली. मधल्या खंडानंतर १९८४ पासून ती नव्या स्वरूपात नियमित प्रक्षेपित होत आली आहे. तिची रचना विलक्षण आहे. सूत्रसंचालक स्पर्धकांपुढे उत्तर ठेवतो आणि त्या उत्तराचा प्रश्न कोणता, हे स्पर्धकाने सांगावयाचे असते. धम्म आणि इतिहास यांच्या अभ्यासकांनी मनोरंजनाच्या अशा खेळाकडे कशासाठी पाहावे, अशी शंका वाचकांच्या मनात येईल. आमच्या मते पाहावे. कारण शिलालेखांचा अभ्यास ज्या मार्गाने झाला, त्याच मार्गाचे हे लौकिक रूप आहे.

या रचनेमागे एक लाजिरवाणा प्रसंग आहे. 'ट्वेंटी-वन' या लोकप्रिय कार्यक्रमात कोलंबिया विद्यापीठातील इंग्रजीचे अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन हे १९५६-५७ मध्ये १,२९,००० डॉलर जिंकून राष्ट्रीय कीर्तीस पोहोचले होते. आपणांस उत्तरे आधीच पुरविली जात होती, अशी कबुली त्यांनी २ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकन संसदेच्या उपसमितीसमोर दिली. पुढे १९६० साली अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली. त्यानंतर प्रश्नमंजूषेवर कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा निर्माते मर्व्ह ग्रिफिन यांना त्यांच्या पत्नी जुलॅन यांनी सुचविले, की उत्तरे दिल्याचा आरोप होतो ना, मग ती उघडपणेच द्यावीत! त्यांनी पतीला म्हटले, "५२८०." प्रश्न होता, एका मैलात किती फूट असतात?

या खेळाची अंतिम फेरी आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. आरंभी केवळ विषयाचे नाव जाहीर होते. समजा, 'प्राचीन इतिहास'. त्यावर स्पर्धकाने आपल्या कमाईपैकी किती रक्कम पणाला लावावयाची ते लिहून द्यावयाचे. सूचक वाक्य त्यानंतर दिसते आणि विचाराला ३० सेकंद मिळतात. म्हणजे खरी परीक्षा प्रश्नाच्या आधीच होते : या विषयात मला किती कळते, याचा अंदाज ज्याचा त्याने करावयाचा. फेब्रुवारी २०११ मध्ये 'वॉटसन' हा संगणक दोन नामांकित विजेत्यांशी खेळला. अमेरिकन शहरांविषयीच्या अंतिम प्रश्नाला त्याने कॅनडातील टोरंटोचे नाव दिले. परंतु पणाला त्याने अवघे ९४७ डॉलर लावले होते. चुकला, पण बेताने चुकला. विद्वत्सभांतून इतका बेत क्वचितच पाहावयास मिळतो.

अशा खेळाची एक अट मात्र अटळ आहे. उत्तर एकच असले पाहिजे. दोन उत्तरे संभवत असतील तर तो प्रश्न बाद. भारतात ३ जुलै २००० पासून घरोघरी पोहोचलेल्या 'कौन बनेगा करोडपती'त चार पर्याय असतात. तेथेही बरोबर पर्याय एकच. प्राचीन इतिहासाची खरी अडचण येथे सुरू होते.

सम्राट अशोकाचेच उदाहरण घेऊ. 'कोणत्या युद्धानंतर अशोकाने बौद्ध धम्म स्वीकारला?' हा प्रश्न शाळेच्या परीक्षेपासून विहारांतील स्पर्धांपर्यंत सर्वत्र विचारला जातो आणि 'कलिंग' हे उत्तर एका क्षणात येते. आता मूळ साधने पाहावीत. तेरावा शिलालेख सांगतो, की अभिषेकाला आठ वर्षे झाली असता कलिंग जिंकले गेले. दीड लाख माणसे तेथून नेली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. त्यानंतर राजाच्या ठायी धम्माचे तीव्र आचरण व तीव्र आवड उत्पन्न झाली, असे तो लेख म्हणतो. उपासक झालो, असे तेथे म्हटलेले नाही. ती गोष्ट लघुशिलालेखात आहे : उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, त्यांपैकी सुमारे एक वर्ष फारसा उद्योग झाला नाही, मग संघाच्या सान्निध्यात आल्यावर उद्योग वाढला. हा काळ अभिषेकाच्या कोणत्या वर्षापासून मोजावयाचा, यावर विद्वानांत वाद आहे. दीपवंस आणि महावंस या सिंहली इतिवृत्तांत तर कलिंगयुद्धाचा उल्लेखच नाही. तेथे निग्रोध नामक बालवयीन श्रामणेराच्या उपदेशाने राजा धम्माकडे वळतो. अशोकावदानात ते श्रेय समुद्र नावाच्या भिक्खूकडे जाते.

आणि कलिंगात काय सापडते? धौली व जौगड येथे इतर शिलालेख आहेत. परंतु अकरावा, बारावा आणि ज्यात युद्धाचा पश्चात्ताप आहे तो तेरावा, हे तीन तेथे नाहीत. त्यांच्या जागी दोन स्वतंत्र लेख आहेत. त्यांत अधिकाऱ्यांना न्यायाने वागण्याची ताकीद आहे आणि प्रजेला अपत्यवत् मानल्याचा निर्वाळा आहे. जिंकलेल्यांना त्यांच्या दुःखाची आठवण नको, असा याचा अर्थ अनेकांनी लावला. पुढे १९८९ साली कर्नाटकातील सन्नती येथे देवीच्या मूर्तीखाली पीठ म्हणून वापरलेली शिळा उजेडात आली, आणि केवळ कलिंगासाठी समजले जाणारे ते दोन लेख तेथेही निघाले. यांपैकी एकही गोष्ट तीस सेकंदांत मावणारी नाही.

याउलट जेपर्डीची उफराटी रीत या अभ्यासाला चपखल बसते. शिळेवर 'देवानंपिय पियदसि' हे उत्तर होतेच. प्रश्न हरवला होता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा हा राजा लंकेतील देवानंपिय तिस्स असावा, असा त्यांचा प्रथम तर्क झाला. दीपवंसात अशोकालाच पियदस्सी म्हटले आहे, हे जॉर्ज टर्नर यांनी लंकेतून दाखवून दिले. तरीही शिळेवर प्रत्यक्ष 'अशोक' हे नाव दिसावयास १९१५ साल उजाडले. ते मस्की येथे दिसले. मुंबईजवळील सोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळालेला तुकडा आठव्या शिलालेखाचा आहे. म्हणजे अभिषेकानंतर दहा वर्षांनी राजा संबोधीस गेला, हे ज्यात नमूद आहे त्याच लेखाचा. कालगणनेच्या वादात या लेखाचे साक्षीमूल्य मोठे आहे.

प्रश्नांचा विचार पालि वाङ्मयात फार सूक्ष्मपणे झाला आहे. अंगुत्तर निकायाच्या चतुक्कनिपातात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : ज्याचे एकच निश्चित उत्तर द्यावे तो, ज्याचे विभाग करून उत्तर द्यावे तो, ज्यावर प्रतिप्रश्न करावा तो आणि जो बाजूस ठेवावा तो. ग्रीक राजा मिलिंद आणि भदन्त नागसेन यांच्या संवादातही हे चार प्रकार उदाहरणांसह येतात. दूरचित्रवाणीला यांपैकी पहिलाच परवडतो. यात तिचा दोष आम्ही मानीत नाही. खेळाला निर्णय लागतो. दोष आहे तो इतिहासाच्या शिक्षकाने खेळाची अट वर्गात आणण्यात.

एका प्रश्नमंजूषेची कथा तर खुद्द अशोकाविषयीचीच आहे. संघात अन्य मताचे लोक शिरले असता राजाने पाटलिपुत्राच्या अशोकारामात भिक्खूंना एकेक करून विचारले, की तथागतांचे मत कोणते? ज्यांनी शाश्वतवाद किंवा तत्सम उत्तरे दिली त्यांना श्वेत वस्त्रे देऊन संघाबाहेर काढण्यात आले. इतिवृत्ते त्यांची संख्या साठ हजार सांगतात. तो आकडा अर्थातच पारंपरिक आहे. शेष भिक्खूंनी 'विभज्जवाद' असे उत्तर दिले आणि मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी त्यास मान्यता दिली. राजाने एकच उत्तर मागितले, आणि ते निघाले विभाग करून उत्तर देणाऱ्याचे! शिलालेखांत या संगीतीचा उल्लेख नाही. परंतु संघभेद करणाऱ्यांना श्वेत वस्त्रे देण्याची आज्ञा सांची, सारनाथ व कोसंबी येथील लेखांत आहे. तेवढ्यावरून कथेला काही आधार आहे असे आम्हांस वाटते. साठ हजारांना नाही.

विहारांतील स्पर्धांसाठी प्रश्न काढणाऱ्या कार्यकर्त्यांनी एखादी फेरी जेपर्डीच्या धर्तीवर ठेवून पाहावी, अशी आमची सूचना आहे. तेराव्या शिलालेखातील पाच यवन राजांची नावे मुलांपुढे मांडावीत : अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मक, अलिकसुदर. यांवरून कोणत्या प्रश्नाचे उत्तर मिळते? अशोकाचा काळ कोणता, या प्रश्नाचे. कारण सिरिया, इजिप्त, मॅसेडोनिया आणि सायरीन येथील राजांच्या कारकिर्दी ग्रीक साधनांतून ठाऊक आहेत आणि त्यामुळे हा लेख इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्याजवळ येतो. अलिकसुदर हा एपिरसचा अलेक्झांडर की कॉरिंथचा, यावर मात्र एकमत नाही. त्या नावापाशी मुले अडतील. अडू द्यावे, आणि गुण दोन्ही उत्तरांना द्यावेत.