बिडाच्या फाळाची धार

देहूजवळच्या तळवड्यात एके काळी नांगर चालत. आता तिथे कारखाने आहेत. इंजिनातला बिडाचा कॅमशाफ्ट सतत घासला जाऊनही टिकतो, त्यामागची युक्ती नांगराच्या फाळातही सापडते.

लाकडी नांगराचा घडीव लोखंडी फाळ बोथट झाला, की गावचा लोहार तो तापवून, ठोकून शेवटून देई. बीड मात्र ठोकून घडत नाही, फुटते. त्यामुळे बिडाच्या फाळाला धार द्यायची ती ओतशाळेतच.

इंग्लंडमधील रॉबर्ट रॅन्समने १७८५ मध्ये साचा खारट पाण्याने भिजवून फाळ कठीण करण्याचे पेटंट घेतले. १८०३ मधील त्याची पद्धत अधिक चतुर होती. फाळाची खालची बाजू थंड लोखंडी साच्यावर ओतायची, वरची वाळूत. बीड सावकाश निवले, तर त्यातल्या कार्बनचे मऊ ग्रॅफाइट होते; झटकन निवले, तर तो लोखंडाशी संयोग पावून अतिकठीण सिमेंटाइट बनते. शेतात वरची मऊ बाजू आधी झिजते, खालची कठीण कड पुढे राहते. झीजच धार लावते!

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे तो खपायला दोन वर्षे लागली. या समजुतीला आपण हसतो. पण गावात दुरुस्त न होणारे अवजार घेताना शेतकरी बिचकला, तर त्यात व्यवहारही असावा असे मला वाटते. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि हे नांगर घरोघरी पोहोचले.

सिमेंटाइटचा दोष म्हणजे ठिसूळपणा. दगड लागला की टवका उडतो. त्यावर उपाय निघाला तो उष्णता-उपचारातून. १९४८ मध्ये गोलाकार ग्रॅफाइटचे चिवट बीड जाहीर झाले. ते सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून २५० ते ४०० अंशांच्या वितळलेल्या क्षारांत तास-दोन तास ठेवायचे. (हे क्षार म्हणजे रॅन्समचे मीठ नव्हे; बहुधा नायट्रेट-नायट्राइट.) आत सुईसारखे फेराइट आणि कार्बनने समृद्ध ऑस्टेनाइट तयार होते. मार बसताच पृष्ठभागावरचे ऑस्टेनाइट आणखी कठीण होते, गाभा चिवट राहतो. १९७० च्या दशकात असे बीड क्रँकशाफ्ट व गिअरसाठी वापरात आले. आज काही नांगरांचे फाळही त्याचेच असतात.