शुजाचा हिशोब

लखनौच्या छावणीत बदली झाल्यापासून एक नाव वारंवार कानावर येते: नवाब शुजाउद्दौला. आपल्याकडे तो पानिपतात अब्दालीला मिळालेला, एवढीच त्याची ओळख. कारण विचारले तर उत्तर येते, धर्म.

पण शुजा शिया; अब्दाली आणि नजीबखान सुन्नी. शिवाय त्याचे वडील सफदरजंग यांनी १७५१ साली शिंदे-होळकरांनाच बोलावून बंगश-रोहिल्यांचा मोड केला होता. १७५२ च्या करारात अब्दालीपासून बादशाही राखण्याची जबाबदारी मराठ्यांनी घेतली, तीही सफदरजंगाच्याच मध्यस्थीने. घराण्याची मैत्री असलीच तर आपल्याशी होती.

बिनसले ते पुण्याच्या तिजोरीमुळे. पेशव्यांवर कर्जाचा डोंगर होता. नानासाहेबांनी १७५९ मध्ये दत्ताजी शिंद्यांवर एकदम किती कामे टाकावीत? लाहोरचा बंदोबस्त, बंगालची मोहीम, आणि शुजाकडून काशी-प्रयाग. फौज एकच. राखायची बादशाही की फेडायचे कर्ज, हे कोणी ठरवलेच नाही. दत्ताजी शुक्रतालला गंगेवर पूल करू पाहत होते. पलीकडे रोहिलखंड आणि त्यापुढे शुजाचा मुलूख. शुजाने नजीबाच्या मदतीला अनुपगिर गोसाव्याची फौज धाडली. म्हणजे मराठ्यांवर चालून आले ते गोसावी! धर्माचे उत्तर इथेच लंगडे पडते.

पुढे भाऊसाहेबांनीही शुजाला वळवण्याचा प्रयत्न केला. नजीब मात्र स्वतः त्याच्याकडे गेला, आणि जुलै १७६० मध्ये शुजा अब्दालीच्या गोटात दाखल झाला. त्याच्या जागी बसून अप्रीसिएशन लिहून पाहा. अब्दाली लूट घेऊन कंदाहारला परतणार. मराठे शेजारी राहणार, आणि त्यांना काशी-प्रयाग हवे आहेत. मी तरी दुसरा निष्कर्ष काढू शकलो नाही.

१४ जानेवारी १७६१ नंतर विश्वासरावांच्या देहावर अग्निसंस्कार व्हावेत म्हणून अब्दालीकडे रदबदली केली ती याच शुजाने. चार वर्षांतच, बक्सरला इंग्रजांकडून मार खाल्ल्यावर, त्याने मदत मागितली मल्हारराव होळकरांकडे. पानिपतातून वाचलेले मल्हारराव आले. मे १७६५ मध्ये कोड्याला दोघे मिळून लढले, दोघेही हरले. तहात कंपनीने शुजाकडून ५० लाख घेतले, शिवाय कोडा आणि अलाहाबाद.

पेशव्यांना हवे असलेले ते प्रयाग १७७३ मध्ये कंपनीने शुजालाच परत विकले. किंमत, कोड्यासह, पुन्हा ५० लाख.