पाणी वाकवतं, गोळी सरळ जाते

शिकागोची सीबर्ग कंपनी ज्यूकबॉक्ससाठी प्रसिद्ध. १९३६ साली तिने आणलेला ‘रे-ओ-लाइट’ हा खेळ मात्र बंदुकीचा होता. काचेच्या पेटीत बदक सरकत जायचं आणि त्यात प्रकाश ओळखणारी नळी बसवलेली असायची. चाप ओढला की बंदुकीतून छर्रा नाही, उजेडाची तिरीप सुटायची. ती नळीवर पडली की नेम लागला. आपल्या जत्रेत फुगे फोडायला निदान छर्रे तरी लागतात. इथे तेही नकोत. आर्केडमधल्या नेमबाजीच्या खेळांचं घराणं इथून सुरू होतं असं धरायला हरकत नाही. या मूळपुरुषाचा एक गुण पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरला: गोळी म्हणजे उजेड, आणि उजेड सरळ जातो.

हवेत जातो. पाण्यात शिरताना तो वाकतो, आणि या घराण्यात पाणी येऊनही ही गोष्ट कित्येक दशकं कुणी मनावर घेतली नाही.

पाणी आलं ते समुद्र होऊन. सेगाचा १९६६ चा ‘पेरिस्कोप’ हा यंत्राचा खेळ होता, संगणकाचा नाही. पुठ्ठ्याची जहाजं साखळीवर सरकत, लाटा प्लॅस्टिकच्या, आणि पाणतीर म्हणजे एकापाठोपाठ एक लागत जाणारे दिवे. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, मिडवेच्या ‘सी वुल्फ’ने तोच खेळ पडद्यावर आणला. खेळणारा पेरिस्कोपला डोळा लावून जहाजं टिपायचा. पडदा कृष्णधवलच, समुद्राचा निळेपणा वर लावलेल्या पारदर्शक पट्टीचा. इथे कारागिरांना दोष देता येणार नाही. पेरिस्कोपचा डोळा पाण्याच्या वर असतो, जहाजंही वरच, मग किरण वाकायचा कुठे?

नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी टीव्ही गेम आले, त्यांच्याबरोबर प्लॅस्टिकची बंदूक मिळायची. ती याच वंशातली, निन्टेंडोच्या १९८४ च्या ‘डक हंट’मधल्या बंदुकीची नक्कल. तिने मात्र मूळपुरुषाची रीत उलटी फिरवली. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला डोळा तो पाहतो. म्हणजे उजेड बंदुकीतून सुटत नाही, बंदुकीत येतो. अशा बंदुकीला वस्तू खरोखर कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. पडद्यावर जिथे दिसते तिथेच ती लागते. दिसणं आणि असणं यांत फरक पडूच शकत नाही, आणि पाण्यातल्या नेमबाजीची सगळी मजा तर त्या फरकात आहे.

(इथे वाचकाला अर्जुन आठवणार. पण लोकांच्या तोंडी असलेल्या त्या कथेत मासा वर टांगलेला आणि खाली पाण्यात त्याची छबी. ते परावर्तन. आपल्याला हवा तो पाण्याच्या आत असलेला मासा.)

हा फरक किती, हे मोजायला माणूस फार पूर्वी बसला. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने अंशांच्या खुणा केलेली पितळी तबकडी अर्धी पाण्यात बुडवली आणि दर दहा अंशांनी किरण पाण्यात किती अंशांवर वळतो ते लिहून ठेवलं. १० अंशांना ८, २० ला साडेपंधरा, ३० ला साडेबावीस, असं करत ८० ला ५०. यातल्या लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी केली तर साडेसात, सात, साडेसहा, सहा असा क्रम निघतो. निसर्ग इतका शिस्तीत वागत नाही. मोजमाप करताना टॉलेमीने आकड्यांना थोडं दामटून रांगेत बसवलं असणार. तरीही ५० अंशांना त्याने ३५ लिहिले आहेत आणि ६० ला साडेचाळीस, आणि आजच्या सूत्रानेही जवळपास तेच येतं. त्याचा हा ग्रंथ अरबीवरून केलेल्या बाराव्या शतकातल्या लॅटिन भाषांतरातून आपल्यापर्यंत पोचला, तोही पहिल्या भागाशिवाय.

त्याला नियम सापडला नाही. बगदादच्या इब्न सहलला ९८४ च्या सुमारास सापडला, पण त्याचं हस्तलिखित ओळखलं गेलं ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. लायडनच्या स्नेलला १६२१ मध्ये पुन्हा सापडला, त्याने छापला नाही. छापला देकार्तने, १६३७ मध्ये. शाळेच्या पुस्तकात मात्र नाव स्नेलचं: आपाती किरण आणि अपवर्तित किरण स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागाला काटकोनात असलेल्या रेषेशी, जे कोन करतात त्यांच्या साइनचं गुणोत्तर कायम राहतं. हवेतून पाण्यात जाताना ते सुमारे १.३३.

संगणकाच्या चित्रात हा नियम अस्सल रूपात उतरला तो टर्नर व्हिटेडच्या हातून, बेल लॅब्जमध्ये. डोळ्यातून निघालेला किरण वस्तूवर आदळला की त्याला फाटे फोडायचे: एक परावर्तनाचा, एक अपवर्तनाचा, एक दिव्याच्या दिशेचा. काचेचा गोळा, आरशासारखा गोळा आणि खाली लाल-पिवळ्या चौकटींची फरशी, हे त्याचं १९८० च्या लेखातलं चित्र प्रसिद्ध आहे. व्हॅक्स संगणकाला ते काढायला ७४ मिनिटं लागली. एवढ्या वेळात आजचा खेळ, सेकंदाला ६० च्या हिशेबाने, अडीच लाखांहून जास्त चित्रं काढून मोकळा होतो. या तंत्राची छोटी फिल्म त्याने १९७९ मध्ये केली आणि तिला नाव दिलं ‘द कम्प्लीट अँगलर’, म्हणजे आयझॅक वॉल्टनच्या १६५३ च्या मासेमारीवरच्या पुस्तकाचं. माशाचा संबंध आमच्या विषयात असा अधूनमधून येतच राहतो.

७४ मिनिटं परवडत नाहीत म्हणून खेळवाल्यांनी आणि हौशी प्रोग्रॅमरांनी आडवाटा शोधल्या. त्यातली एक माझ्या मते या सगळ्या कुळकथेतली सर्वांत देखणी. नव्वदच्या दशकात, संगणकाची करामत दाखवणारे छोटे ‘डेमो’ लिहिणाऱ्या मंडळींमध्ये ती फिरली. पडद्याच्या प्रत्येक बिंदूपाशी पाण्याची उंची किती, याचे दोन तक्ते ठेवायचे: एक आत्ताचा, एक त्याआधीचा. नवी उंची काढायची तर आत्ताच्या तक्त्यातल्या चार शेजाऱ्यांची बेरीज करा, तिचं निम्मं घ्या, त्यातून त्याच बिंदूची आधीची उंची वजा करा. उत्तरातला एक बत्तिसांश छाटा, नाहीतर लाटा कधी विझणारच नाहीत. मग तक्त्यांची अदलाबदल. संपलं. एका बिंदूला ढकललं की वर्तुळं पसरतात, कडेला आपटून परततात, एकमेकांतून आरपार जातात. यात साइन नाही, भागाकारही नावालाच. दोनाच्या घाताने भागणं संगणकाला फुकट पडतं.

तळाचं चित्र वाकवण्याची युक्ती त्याहून सोपी. डावी-उजवीकडच्या उंचीतला फरक म्हणजे पाण्याचा उतार. त्या प्रमाणात तळाच्या चित्रातला शेजारचा बिंदू उचलून इथे लावायचा. ही शुद्ध लबाडी वाटते. पण सरळ वरून पाहत असाल आणि उतार लहान असेल तर स्नेलचा नियमही जवळपास हेच सांगतो: किरण उताराच्या पावपट वळतो. पाचास एक असा उतार आणि पाणी एक मीटर खोल, तर तळ पाच सेंटिमीटर सरकलेला दिसेल. डेमोवाल्यांनी तो आकडा डोळ्याला बरा दिसेल असा बसवला होता, पण गणिताचा साचा खरा होता.

मोठ्या खेळांनी इतकीही तसदी घेतली नाही. १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये पाण्यात डोकं बुडालं की अख्खा पडदा साइनच्या तक्त्यावर डुलायचा. ते डुलणं घड्याळावर चालायचं. खोलीशी, कोनाशी त्याचा संबंध नव्हता. पुढे शेडर, म्हणजे प्रत्येक बिंदूचा रंग ठरवणारे छोटे प्रोग्रॅम, आले, आणि २००४ च्या ‘हाफ-लाइफ २’ने पाण्याखालचं दृश्य वेगळं रंगवून घेतलं आणि लहरींच्या नकाशाने ते विस्कटून पाण्यावर चढवलं. क्रायटेक या खेळ-कंपनीच्या तियागो सोसाने २००५ मध्ये या जातीची कृती लिहून दिली आणि तिच्यातली खोडही दाखवली: पाण्यापुढे उभ्या असलेल्या वस्तूचा रंग विस्कटताना पाण्यात पाझरतो. म्हणून पुढच्या वस्तूंचा मुखवटा ठेवून तेवढे बिंदू जागचे हलवायचे नाहीत.

हे सगळं दिसायला सुंदर. पण तळाचा दगड सरासरीने जिथल्या तिथेच राहतो, फक्त जागच्या जागी थरथरतो. आणि खेळातली गोळीही सरळ रेषेतच जाते. चित्र खोटं, गोळी खोटी, आणि दोन खोट्यांचं एकमेकांशी छान जमलं. नेम लागत राहिला, म्हणून कुणी तक्रार केली नाही. पुढे किरणांचा माग काढणारी कार्डं आली आणि २०१९ च्या ‘क्वेक २ आरटीएक्स’मध्ये पाण्याचं चित्र नियमाने वाकू लागलं, गोळ्यांचं गणित मात्र मूळ १९९७ च्या खेळाचंच राहिलं. खऱ्या अपवर्तनाला एवढ्या लांबच्या प्रवासानंतरही शोभेचीच नोकरी.

त्याला खेळाचा नियम करायचं तर मोठा खेळ नकोच. एक हौद, तळाला चौकोनी फरशी (वाक दिसायला सरळ रेषा लागतात), चार मासे, आणि काठावरून तिरकं पाहणारा खेळाडू. पहिला प्रश्न हत्याराचा. लेझर देऊन चालणार नाही. किरण ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. मासा दिसतो तिथे लेझर रोखा, तो पाण्यात शिरताना वळेल आणि बरोबर माशावर जाईल. अपवर्तन असून नसल्यासारखं. म्हणजे रे-ओ-लाइटपासून चालत आलेली उजेडाची गोळी इथे सोडावीच लागते. हत्यार हवं भाला: वजनाचा, पाण्यात शिरल्यावरही आपली दिशा धरून जाणारा, प्रकाशाच्या नियमाशी सोयरसुतक नसलेला.

मग हिशेब असा. खेळाडू ४५ अंशांनी पाहतोय, पाणी एक मीटर खोल, मासा तळाशी. दृष्टीचा किरण पाण्यात शिरताना ३२ अंशांवर वळतो आणि शिरल्या जागेपासून ६३ सेंटिमीटर पुढे तळाला टेकतो. मासा तिथे आहे. भाला त्याच रोखाने सरळ गेला तर एक मीटर पुढे टेकेल, आणि माशाच्या ३७ सेंटिमीटर वरून निघून जाईल. दिसतो त्याच्या खाली मारा, एवढंच सूत्र. पण किती खाली, हे कोनागणिक आणि खोलीगणिक बदलतं, आणि तेच हाताला शिकायचं. नवख्यासाठी सूर्य डोक्यावर ठेवावा. माशाची सावली मग थेट त्याच्या खाली पडते आणि तो तळापासून किती वर आहे ते कळतं. पुढच्या पातळीवर ऊन काढून घ्यावं.

उंचीचे ते दोन तक्ते इथे पुन्हा कामाला येतात. भाला पाण्यात पडला की त्या जागी उंची ढकलायची. वर्तुळं पसरतात, तळ नाचू लागतो, पुढचा नेम अवघड होतो. घाईने भाल्यांचा मारा करणाऱ्याला वेगळी शिक्षा द्यायला नको; त्याचं पाणी तोच ढवळून ठेवतो. गुण कापणं, भाले मोजून देणं, असल्या कृत्रिम अटींपेक्षा ही मला कितीतरी बरी वाटते.

चित्राच्या बाजूने फार लिहावं लागत नाही. शेडरच्या भाषेत ‘रिफ्रॅक्ट’ ही आज्ञा तयारच असते: किरणाची दिशा, पृष्ठभागाची स्तंभिका आणि गुणोत्तर द्या, हवेतून पाण्यात ०.७५. वळलेली दिशा मिळते, ती तळापर्यंत वाढवायची. वाटेत मासा आहे का, हेही त्याच वळलेल्या रेषेवर तपासायचं. आधी पडदा रंगवून मग तो विस्कटण्याच्या जुन्या युक्तीने इथे भागत नाही. भाल्याची रेषा मात्र या आज्ञेच्या जवळही फिरकू द्यायची नाही.

खेळाडूला पाण्याखाली नेऊन वर मारायला लावलं तर तीच आज्ञा उलट्या गुणोत्तराने, १.३३ ने, चालवायची. इथे एक फसगत ठरलेली. किरण स्तंभिकेपासून ४८.६ अंशांहून जास्त तिरका असेल तर तो बाहेर पडतच नाही, आणि ‘रिफ्रॅक्ट’ शून्य लांबीची दिशा परत देते. ते तपासलं नाही तर पडद्यावर भलताच डाग उमटतो. तपासून तिथे परावर्तन लावलं की खरं दृश्य तयार होतं: सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल खिडकीत मावलेलं आणि तिच्याबाहेर हौदाच्या तळाचीच छबी.

या पातळीचा नायक निसर्गात तयार आहे. तोंडाने पाण्याची पिचकारी मारून पानावरचा किडा पाडणारा आर्चरफिश. त्याची हकीकत युरोपात १७६४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात श्लॉसरने बटाव्हियाहून आलेल्या माहितीवरून छापली, पण नमुना म्हणून सोबत पोचला तो भलताच मासा. आर्चरफिशची एक जात, टॉक्सोटेस चॅटारियस, गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात हॅमिल्टनने १८२२ मध्ये नोंदवली. तो अपवर्तनाची चूक भरून काढतो का, हे लॉरेन्स डिलने १९७७ मध्ये याच जातीवर तपासलं: मासा तिरका असतानाही नेम दुरुस्त करतो. त्याला किडा असतो त्याहून वर दिसतो, म्हणजे त्यालाही आपल्यासारखं खालीच मारायला हवं. पण पिचकारीचं पाणी वजनाने खाली झुकतं, त्यासाठी थोडं वर मारायला हवं. दोन दुरुस्त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. म्हणून खेळ लिहिताना ही पातळी आधी गुरुत्वाकर्षण शून्यावर ठेवून चालवून पाहावी. अपवर्तनाचा नेम जमला की मगच पिचकारीला वजन द्यावं.