ओ-केनिग्झबूर : प्रांगणरचना व जीर्णोद्धार

ओ-केनिग्झबूर : फ्रान्सच्या अल्सेस प्रदेशातील एक प्रसिद्ध मध्ययुगीन डोंगरी किल्ला. तो सेलेस्टा शहराच्या पश्चिमेस व्होज पर्वताच्या एका सोंडेवर, समुद्रसपाटीपासून सु. ७५७ मी. उंचीवर वसला आहे. येथून ऱ्हाईन नदीचे विस्तीर्ण मैदान व त्यातून जाणारे जुने व्यापारी मार्ग नजरेच्या टप्प्यात येतात. ‘उंचावरील राजदुर्ग’ असा त्याच्या जर्मन नावाचा अर्थ होतो.

किल्ल्याचा पहिला उल्लेख ११४७ मधील आहे. त्या वेळी तो होहेनश्टाउफेन घराण्याकडे होता. पुढे तो लुटारू सरदारांचा आश्रय बनल्यामुळे १४६२ मध्ये आसपासच्या सत्तांनी एकत्र येऊन तो जाळला. सम्राट तिसरा फ्रीड्रिख याने १४७९ मध्ये तो टीरश्टाइन घराण्यास दिला. या घराण्याने किल्ल्याची पुनर्रचना करताना तोफांच्या माऱ्यास तोंड देतील असे जाड तट व बुरूज उभारले. तीस वर्षांच्या युद्धात १६३३ मध्ये स्वीडिश सैन्याने ५२ दिवसांच्या वेढ्यानंतर किल्ला घेऊन त्याची राखरांगोळी केली. त्यानंतर सु. अडीचशे वर्षे तो उजाड होता.

अरुंद व लांबट कातळमाथ्यामुळे किल्ल्याची रचना एकामागून एक अशा आवारांची झाली आहे. मुख्य दरवाजातून प्रथम खालच्या प्रांगणात प्रवेश होतो. लोहारशाळा, तबेला इ. नित्याच्या गरजेच्या वास्तू येथे होत्या. तेथून पायऱ्या चढून व उचलत्या पुलावरून गेल्यावर बालेकिल्ल्यातील आतला चौक लागतो. हा चौक लहान असून चारही बाजूंनी उंच इमारतींनी वेढलेला आहे. तळमजल्यावर कोठार व स्वयंपाकघर, तर वरच्या मजल्यांवर निवासाची दालने आहेत. बहुकोनी मनोऱ्यातील चक्राकार जिना व लाकडी सज्जे यांनी हे मजले जोडलेले आहेत. चौकालगत कातळात खोदलेली सु. ६२ मी. खोल विहीर आहे. वेढ्याच्या काळात किल्ल्याचे जीवित पाण्यावर अवलंबून असे, म्हणून विहिरीभोवती भक्कम बांधकाम करून तिला तोफगोळ्यांपासून संरक्षण देण्यात आले होते.

अल्सेस प्रदेश १८७१ मध्ये जर्मन साम्राज्यात गेला. सेलेस्टा नगराने १८९९ मध्ये हे अवशेष सम्राट दुसरा विल्हेल्म यास भेट दिले. साम्राज्याच्या पश्चिम सीमेवरील जर्मन परंपरेचे प्रतीक म्हणून किल्ला पुन्हा उभा करण्याचे त्याने ठरविले आणि वास्तुविशारद बोडो एबहार्ट (१८६५–१९४५) याच्याकडे ते काम सोपविले. १९०० ते १९०८ या काळात ते पूर्ण झाले. एबहार्टने प्रथम राडारोडा उपसून अवशेषांची मोजणी केली, छायाचित्रे घेतली, दफ्तरे तपासली व समकालीन किल्ल्यांशी तुलना केली. विहीर, जिन्याचा मनोरा, भिंती व छतांच्या खुणा यांच्या आधारे चौकाचा बराचसा भाग उभारता आला. मात्र जेथे पुरावा संपला, तेथे त्याने तर्काचा आधार घेतला. बालेकिल्ल्यातील उंच चौकोनी मनोऱ्यावरून तेव्हाच वाद झाला. मूळ मनोरा इतका उंच नसावा, असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. सम्राटाच्या नावाच्या दिवाणखान्यासाठी जुन्या मजल्यांची रचनाही बदलण्यात आली. लेओ श्नुग या चित्रकाराने रंगविलेली भित्तिचित्रे तर सर्वस्वी विसाव्या शतकातील आहेत.

या कामामागे जीर्णोद्धाराविषयीचा एक मूलभूत मतभेद होता. फ्रान्समधील प्येरफाँ किल्ला १८५८ पासून पुन्हा उभारणारा व्ह्यॉले-ल-द्यूक हा वास्तूला पूर्ण रूप देण्याच्या पक्षाचा होता. याउलट, स्ट्रॅस्बर्ग विद्यापीठातील कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ अवशेषांचे जतन करावे, त्यांची पुनर्निर्मिती करू नये, असे प्रतिपादन करीत होता. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हाच विचार पुढे नेला. जेथे अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे तत्त्व तीत मान्य झाले.

पहिल्या महायुद्धानंतर किल्ला फ्रान्सच्या ताब्यात आला. जर्मन सम्राटाच्या सत्तेची ही खूण फ्रेंच शासनाने पाडली नाही, तर जतन केली. झां रन्वार याच्या द ग्रँड इल्यूजन (१९३७) या चित्रपटाचे काही चित्रीकरण येथे झाले. आज या चौकात पंधराव्या शतकातील दगड व १९०८ पर्यंतचे बांधकाम शेजारी शेजारी उभे आहे. मध्ययुगाचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग करताना सावधगिरी आवश्यक ठरते. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी एका साम्राज्याला आपला भूतकाळ कसा असावासा वाटला, याचा तो अस्सल दस्तऐवज आहे.